‘लहान’ धरण कोणाच्या मापाने लहान?

१/
२ जुलै २०१९ हा एकच दिनांक महाराष्ट्राच्या दोन शोकवार्तांवर कोरलेला आहे. त्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर, कांदिवली पूर्वेला खेटून असलेल्या मालाडच्या कुरार भागात महापालिकेच्या टेकडीवरील जलाशयाची आवारभिंत कोसळली. पायथ्याच्या पिंपरीपाड्यातील झोपड्यांत झोपलेली सुमारे तीस माणसे गेली. त्याच दिवशी रात्री साडेनऊच्या सुमारास चिपळूण तालुक्यातील तिवरे गावचे मातीचे धरण फुटले आणि भेंदवाडी ही वस्ती वाहून गेली. तेथे वीसहून अधिक माणसांचा बळी गेला.

२/
कुरारची भिंत कोणत्याही व्याख्येने धरण नव्हती. तिवऱ्याचे धरण होते, पण सरकारी भाषेत ‘लघु’ होते. या थ्रेडचा विषय हा ‘लघु’ शब्द आहे. तो कशावरून ठरतो, त्याच्या आड काय झाकले जाते आणि धरणाची सुरक्षितता मोजण्याची रीत जगात कशी बदलत गेली, हे पाहण्याजोगे आहे. प्रतिपादन थोडक्यात असे: धरणाचा वर्ग त्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसांवरून ठरला पाहिजे, आणि तो त्या माणसांना ठाऊक असला पाहिजे.

३/
कांदिवलीचे माती आणि पाण्याशी नाते जुने आहे. के. आर. यू. टॉड यांनी १९३०च्या दशकात येथील थरांतून मिळालेल्या अश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधीच्या दशकात बॅकबेचा समुद्र हटवण्यासाठी कांदिवलीच्या खाणीतला दगड आणि मुरूम दक्षिण मुंबईकडे जात होता. पूर्वेकडच्या डोंगरांत, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) ही तळी आहेत. विहारचे पाणी अडवले आहे ते मातीच्या बांधांनी. मातीने पाणी अडते, यावर या शहराने दीडशे वर्षांहून अधिक काळ भिस्त ठेवली आहे.

४/
ही भिस्त अस्थानी नाही. नीट बांधलेले मातीचे धरण शतकभर सहज टिकते. त्याच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो, पाणी अडवण्याचे काम तो करतो. दोन्ही बाजूंना मुरुमाचे जाड आवरण असते, ते गाभ्याला आधार देते. पाण्याकडच्या उतारावर लाटांपासून रक्षणासाठी दगडांचे पिचिंग असते. पायाखाली खंदक खोदून तो चिकण मातीने भरलेला असतो, म्हणजे पाणी धरणाखालून वाट काढत नाही. आणि एका कडेला सांडवा असतो, जास्तीचे पाणी त्यावरून निघून जाते.

५/
मातीच्या धरणाचे वैरी मुख्यतः दोन. पहिला वरून येतो: सांडवा अपुरा पडला की पाणी धरणमाथ्यावरून वाहू लागते आणि मागचा उतार काही तासांत कापून काढते. दुसरा आतून येतो: झिरपणारे पाणी मातीचे कण सोबत घेऊ लागते, बारीक नळी तयार होते, ती मागे मागे रुंदावत जाते. म्हणून धरणाच्या पायथ्याशी स्वच्छ पाझर दिसला तर अभियंता त्याचे मोजमाप ठेवतो. पाझर गढूळ झाला तर तो धोक्याचा इशारा मानतो. गढूळपणा म्हणजे धरण आतून रिकामे होत असल्याची खूण.

६/
आता इतिहासाकडे. विहार पूर्ण झाल्यावर चारच वर्षांनी, ११ मार्च १८६४च्या रात्री, इंग्लंडमध्ये शेफील्डजवळचे डेल डाइक हे नवे मातीचे धरण पहिल्यांदा भरत असताना फुटले आणि सुमारे २४० माणसे बुडाली. त्या काळच्या अभियांत्रिकीत जगात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या देशात हे घडले. तरीही धरणांच्या तपासणीचा कायदा तेथे लगेच झाला नाही. त्यासाठी आणखी साठ-पासष्ट वर्षे आणि आणखी बळी लागले.

७/
२ नोव्हेंबर १९२५ रोजी वेल्समध्ये एगाऊ तलावाचा काँक्रीटचा बांध पायातून खचला. ते पाणी खालच्या कोएटी तलावात उतरले, तेथील मातीचा बांध त्या लोंढ्यापुढे टिकला नाही आणि डोल्गारोग गावातील १६ माणसे गेली. मग १९३०चा जलाशय सुरक्षा कायदा आला. त्याने पहिल्यांदाच पात्रताधारक अभियंत्याकडून ठरावीक मुदतीत तपासणी सक्तीची केली. कोणत्या जलाशयाला कायदा लागू, हे मात्र पाण्याच्या आकारमानावर ठरले: ५० लाख गॅलनपेक्षा अधिक साठा. म्हणजे सुमारे २३ हजार घनमीटर.

८/
हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिवऱ्याची साठवणक्षमता दोन ते अडीच दशलक्ष घनमीटरांच्या घरात होती. ब्रिटनच्या १९३०च्या कायद्याने ज्या जलाशयापासून दखल घ्यायला सुरुवात केली, त्याच्या सुमारे शंभर पट. कोयनेच्या शिवसागराशी तुलना केली तर तोच साठा हजाराव्या हिश्शाइतकाही भरत नाही. एकच तळे एका मोजपट्टीवर दखलपात्र ठरते आणि दुसरीवर नगण्य. ‘लहान’ हा शब्द धरणाविषयी जितके सांगतो, तितकेच मोजणाऱ्याविषयीही सांगतो.

९/
मोजपट्टीच बदलली पाहिजे, हे अमेरिकेला एका छोट्या धरणाने शिकवले. ६ नोव्हेंबर १९७७च्या पहाटे जॉर्जिया राज्यात टोकोआ फॉल्स येथे केली बार्न्स नावाचे जुने मातीचे धरण फुटले. उंची जेमतेम बारा मीटर. खाली एका महाविद्यालयाची निवासी वसाहत होती. ३९ माणसे गेली. धरणांच्या पाहणीचा कायदा तेथे १९७२ सालीच झाला होता, पण पाहण्या रखडल्या होत्या. या दुर्घटनेनंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी धोकादायक जागी असलेल्या धरणांची पाहणी तातडीने सुरू करायला लावली.

१०/
‘धोकादायक जागी असलेले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अमेरिकेत रूढ झालेल्या वर्गवारीत तीन पायऱ्या आहेत: फुटल्यास जीवितहानी संभवते तो उच्च वर्ग, जीवितहानी नाही पण मालमत्तेचे वा सेवांचे मोठे नुकसान, तो मध्यम, किरकोळ नुकसान, तो निम्न. या वर्गाचा धरण मजबूत आहे की जर्जर याच्याशी संबंध नाही. अगदी भक्कम, नवे धरणही उच्च वर्गात असू शकते, कारण त्याच्या खाली शाळा आहे. ब्रिटननेही २०१०च्या कायद्यात हाच निकष आणला: जीवितास धोका असेल तो जलाशय ‘अधिक जोखमीचा’.

११/
येथे एक गल्लत टाळली पाहिजे. धरणांच्या बाबतीत दोन स्वतंत्र शिड्या आहेत. एक शिडी विचारते, ‘फुटले तर काय होईल?’ दुसरी विचारते, ‘आज त्याची प्रकृती कशी आहे?’ भारतात दुसरी शिडी तपासणी अहवालांतून पूर्वीपासून वापरात आहे. पहिला वर्ग: ज्या दोषांमुळे धरण फुटू शकते असे दोष. दुसरा: तातडीने दुरुस्ती मागणारे मोठे दोष. तिसरा: वर्षभरात निस्तरता येतील असे किरकोळ दोष. दोन्ही शिड्या एकत्र वाचल्या तरच अर्थ लागतो. वस्तीवर टांगलेल्या धरणाचा ‘किरकोळ’ दोष किरकोळ राहत नाही.

१२/
महाराष्ट्राची स्मृती मात्र मोठ्या धरणांनी व्यापलेली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे, काम पुरते संपण्याआधीच भरलेले मातीचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याची भिंत गेली आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू-२ धरण फुटून मोरबी शहरावर अनर्थ ओढवला. त्याच वर्षी केंद्रीय जल आयोगात धरण सुरक्षितता संघटना उभी राहिली. पाठोपाठ १९८०मध्ये महाराष्ट्राने नाशिकला आपली संघटना स्थापन केली. शहरे बुडाली तेव्हा यंत्रणा जन्माला आली. वाड्या-वस्त्या बुडतात तेव्हा काय होते, हा प्रश्न मागे राहिला.

१३/
कारण आपल्याकडे ‘लघु’ शब्द सुरक्षिततेच्या शास्त्रातून आलेलाच नाही. तो पाटबंधाऱ्यांच्या हिशेबातून आला. लाभक्षेत्र २,००० हेक्टरपर्यंत असेल तर प्रकल्प लघु, १०,००० हेक्टरपर्यंत मध्यम, त्यावर मोठा. म्हणजे धरणाचे नाव त्याने भिजवलेल्या शेतावरून पडते. त्यावरूनच योजना कोणत्या खात्याकडे जाणार, तिला किती अभियंते आणि किती निधी मिळणार, हेही ठरत जाते. कोकणातल्या अरुंद खोऱ्यात उंच बांध घालूनही भिजणारे क्षेत्र थोडेच असते. तेथे धरण उंचीने थोर आणि कागदावर लघु, अशी विसंगती अटळ होते.

१४/
तिवरे हे त्या विसंगतीचे उदाहरण आहे. सन २०००च्या सुमारास पूर्ण झालेले हे धरण उंचीने १५ मीटरच्या पलीकडचे होते. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार १५ मीटर ओलांडले की धरण ‘मोठे’. ते ज्या ओढ्यावर होते, त्याच्याच काठाला खाली भेंदवाडी होती. असा साठा पूर्ण भरलेला असताना एका तासात रिता झाला, तर सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे ७०० घनमीटर होतो, हे साध्या भागाकाराने कळते. ओढ्याकाठच्या घरांना हा आकडा लघु नाही.

१५/
धरणाला गळती लागल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती, हे दुर्घटनेनंतर वृत्तपत्रांनी छापले. तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले, तेव्हा राज्यभर त्याची थट्टा झाली. पण थट्टेत मूळ मुद्दा हरवला. खेकडे, उंदीर, घुशी यांची बिळे आणि झाडांची मुळे हे मातीच्या धरणाचे खरेच शत्रू आहेत. तपासणीच्या यादीत ती नोंद असतेच. म्हणून खेकड्यांचे कारण खरे मानले, तरी ते सुटकेचे कारण होत नाही. पावसाळ्यापूर्वी बिळे शोधून बुजवणे, हेच तर तपासणीचे काम.

१६/
जंगली श्वापदाने हल्ला करावा तसे धरण फुटत नाही. ते आधी सांगत असते: ओली जागा, खचलेला माथा, सरकलेले पिचिंग, गढूळ पाझर. हे सर्वांत आधी दिसते ते धरणाखाली गुरे चारणाऱ्याला, शेतावर जाणाऱ्या बाईला. तिवऱ्यात लोकांनी पाहिले होते आणि सांगितलेही होते. ज्या वर्गवारीत त्यांच्या घरांची गणतीच नाही, तिच्यात त्यांच्या तक्रारीचे वजनही ‘लघु’च ठरते. वर्ग हा केवळ कागदावरचा शिक्का नसतो. कोणता अर्ज आधी उघडायचा, हे तोच ठरवत असतो.

१७/
२०२१चा धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१पासून अमलात आला आणि बरेच बदलले. १५ मीटरपेक्षा उंच सर्व धरणे त्याच्या कक्षेत आहेत. १० ते १५ मीटरमधली, लांबी ५०० मीटर वा साठा दहा लाख घनमीटर यांसारखी एखादी अट पुरी झाल्यास. पावसाळ्यापूर्वीची आणि नंतरची पाहणी, आपत्कालीन कृती आराखडा, पाच वर्षांत सर्वंकष मूल्यमापन ही मालकाची कर्तव्ये ठरली. जोखमीनुसार वर्गवारी करण्याचे बंधनही आले. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून अधिक, आणि त्यांतली बहुसंख्य मातीची. त्यामुळे या कायद्याची खरी परीक्षा येथेच आहे.

१८/
तरीही रेषेखाली एक मोठे जग उरते. १९७२च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर, लाखो हातांनी घमेल्यांनी माती वाहून पाझर तलाव आणि गावतळी बांधली. महाराष्ट्राच्या श्रमाचा तो मोठा इतिहास आहे. त्यांपैकी दहा मीटरखालच्या बांधांना २०२१चा कायदा सहसा शिवत नाही. बहुतेकांच्या खाली केवळ शेत आहे आणि ते निर्धोक आहेत. पण काहींच्या खाली पन्नास वर्षांत घरे, अंगणवाडी, रस्ता आला असेल. बांध तोच राहिला, धोका वाढला. उंची मोजणाऱ्या कायद्याला हा बदल दिसत नाही.

१९/
हा बदल समजण्यासाठी मुंबईकराला दूर जावे लागत नाही. विहार बांधले तेव्हा त्याखालच्या मिठीच्या खोऱ्यात बहुतांश शेते, खारजमीन आणि विरळ पाडे होते. आज त्याच मिठीकाठी देशातल्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी काही आहेत. याचा अर्थ विहार असुरक्षित आहे असा मुळीच नाही. हे बांध दीड शतकाहून अधिक काळ उभे आहेत. अर्थ एवढाच की १८६०चा बांध २०२०च्या दशकातल्या लोकसंख्येच्या डोक्यावर उभा आहे. वर्ग एकदा ठरवून पुरत नाही. धरण जागचे हलले नाही, तरी त्याच्या खालचे गाव वाढत असते.

२०/
यावर एक रास्त आक्षेप आहे. बांध हजारोंनी आहेत, अभियंते मोजके. प्रत्येक तळ्यामागे माणूस कसा लावणार? शिवाय ‘तुमच्यावरचे धरण उच्च जोखमीचे’ असे जाहीर केले, तर नाहक घबराट पसरेल. पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे की माणसे कमी असतात तेव्हाच वर्गवारी लागते. दवाखान्यात डॉक्टर एकच असला, तर आधी कोणाला पाहायचे हे दुखण्यावरून ठरते, रुग्णाच्या सातबाऱ्यावरून नाही. लाभक्षेत्रावरून लावलेला क्रम हा सातबाऱ्याचा क्रम आहे.

२१/
घबराटीचा आक्षेप अधिक नाजूक आहे, पण अनुभव उलट बाजूने बोलतो. तिवऱ्याच्या लोकांना भीती आधीपासून होती. नव्हते ते उत्तर. कोणत्या पातळीला इशारा मिळेल, तो कोण देईल, रात्री कोणत्या वाटेने कोणत्या उंचीवर जायचे, हे ठाऊक असलेले गाव घाबरत नाही, तयार असते. धोक्याची माहिती दडवून धोका कमी होत नाही. पावसाच्या रात्री साडेनऊला घरात कोण असते, याची कल्पना कोणालाही करता येईल.

२२/
म्हणून मागणी साधी आहे. बांध कितीही बुटका असो, त्याखाली राहते घर असेल तर तो जोखमीच्या वर्गवारीत यावा. त्या वर्गाचा आणि शेवटच्या पाहणीच्या तारखेचा फलक धरणावर आणि ग्रामपंचायतीत लागावा. खालच्या अंगाला नवी वस्ती झाली की वर्ग पुन्हा तपासला जावा. आणि गळतीची तक्रार आली, तर ती पाहणाऱ्याने आपले निरीक्षण तक्रारदाराला लेखी कळवावे. यातील एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. भारतीय मानकानेही सांडव्याचा पूर ठरवताना, खाली धोका विशेष असेल तर आकाराच्या वर्गापेक्षा मोठा पूर धरण्यास १९८५पासून मुभा दिलेली आहे.

२३/
शेवटी पुन्हा कुरार. आवारभिंतीचे काम हद्द राखण्याचे. त्या रात्री टेकडीवरून उतरलेल्या पावसाच्या पाण्यापुढे ती उभी होती, आणि खाली माणसे झोपलेली होती. पाणी अडवणारी भिंत आणि तिच्या पायथ्याशी वस्ती, एवढे जुळले की धरणाचा प्रश्न तयार होतो. कागदावर तिचे नाव काहीही असो. कांदिवली-मालाडच्या पूर्वेकडे अशा उतारांवर आजही हजारो घरे आहेत. इतिहास वाचणाऱ्या तरुणाने पावसाळ्यापूर्वी आपल्या डोक्यावरच्या टेकडीकडे एकदा पाहावे, आणि तेथे पाणी कोण अडवते आहे, ते कोण तपासते, हे विचारून ठेवावे.